वाईट बातमीची खोली

पहिली चपराक कानाखाली बसली तेव्हा मला राग आला नाही, आश्चर्य वाटलं. मुलाचा मामा समोर वाकून बसला होता, खांदे गदगदत होते, आणि तो रडतोय अशा समजुतीने मी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. त्याने ग्लास घेतलाच नाही, माझा हात धरला. त्याच हाताला धरून मला खुर्चीतून ओढून उभं केलं आणि मोकळ्या हाताने अशी एक वाजवली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"प्लास्टर पायाला होतं ना?" तो म्हणाला. "मग पोरगं छातीनं कसं मेलं?"

प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचं उत्तर मी नुकतंच दिलं होतं. मोडलेल्या पायात रक्ताची गाठ धरते, कधीतरी ती सुटते, वर फुप्फुसात जाऊन अडकते, आणि सकाळी आईशी हुज्जत घालून चहा मागवणारं एकोणीस वर्षांचं पोर दुपारी जातं. हे मी सावकाश सांगितलं होतं, मध्ये थांबत, आवाज खाली ठेवून, 'गेला' हा शब्द न गिळता. माझा विषयच तो. वाईट बातमी कशी सांगावी हे मी मेडिकलच्या पोरांना शिकवतो, आणि त्या बाबतीत स्वतःला फार शहाणा समजत होतो.

आता ती खोली आधी समजून घ्या, कारण मला जितकं मामाने मारलं तितकंच त्या खोलीने मारलं.

ही इमारत माझ्या थोरल्या बहिणीने काढली. ताई आर्किटेक्ट. खाली हॉस्पिटल, त्याला चिकटून कॉलेज, वरती संशोधनाच्या प्रयोगशाळा, सगळं एका छपराखाली. जुन्या इमारतीत आमचे विद्यार्थी दिवसभर वॉर्डातच घुटमळायचे. जिन्यात डबे उघडून बसायचे, स्ट्रेचरला आडवे यायचे, आणि मेट्रन त्यांना कोंबड्यांसारखी हाकलायची. ताईने ते सगळं उभं राहून बघितलं आणि नव्या इमारतीत तीन रस्ते आखले. एक रुग्णांचा, एक विद्यार्थ्यांचा, एक प्रयोगशाळेतल्या लोकांचा. तिन्ही एकमेकांना कुठेही छेदत नाहीत. "आता तुझी पोरं कुणाच्या पायात येणार नाहीत," ती मला ऐकवायची. बक्षीसही तिला त्याच कल्पनेसाठी मिळालं, आणि ती ढाल तिने दिवाणखान्यात अशी लावली की पाहुण्याने कुठेही बसावं, ती दिसतेच.

तिन्ही रस्ते एकमेकांना टेकतात ते एकाच जागी, आणि ती जागा म्हणजे ही खोली. सकाळी ती हॉस्पिटलची असते. नातेवाइकांना बसवून खऱ्या बातम्या सांगायच्या. दुपारी ती कॉलेजची, कारण तिच्या एका भिंतीला मोठी काच आहे. खोलीतून बघितलं तर आरसा, पलीकडून बघितलं तर खिडकी. पलीकडे अंधारी गॅलरी आणि चढत जाणारी बाकं. सकाळी त्या गॅलरीला कुलूप असतं, दुपारी तिथे विद्यार्थी येऊन बसतात. मग आम्ही भाड्याचे नातेवाईक आणतो, म्हणजे नाटकात कामं करणारी दोन माणसं. मी त्यांना खोटी बातमी सांगतो, ती खोटं रडतात नाहीतर खोटी अंगावर धावून येतात, आणि पोरं बघतात. प्रयोगशाळेतली मंडळी त्याचं चित्रण वर घेऊन जातात आणि डॉक्टर कुठे किती थांबला ते मोजत बसतात.

डॉक्टरची खुर्ची सगळ्यात आत, काचेकडे तोंड करून, कारण पोरांना त्याचा चेहरा दिसायला हवा. नातेवाइकांची पाठ काचेकडे, कारण त्यांचे चेहरे कुणाला दिसू नयेत. दार त्यांच्या बाजूला. दार आत उघडतं, कारण बाहेर उघडलं तर येणाऱ्या स्ट्रेचरला लागेल. खुर्च्या हलक्या, कारण कुणाला जवळ ओढून बसावंसं वाटलं तर बसता यावं. ताईकडे प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण चांगलं होतं.

मुलगा मात्र दुपारी गेला. मी नर्सला सांगितलं, आजचा वर्ग रद्द, कॉलेजला कळवा, आणि आईवडील नि मामा अशा तिघांना घेऊन इथे आलो. नर्सने हॉस्पिटलच्या ऑफिसला सांगितलं. हॉस्पिटलचं ऑफिस आणि कॉलेजचं ऑफिस यांची भिंत एक आहे, पण त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही.

मामाने मला भिंतीवर आदळलं. "सकाळी बोललो मी त्याच्याशी! फोनवर! हसत होता!" दर वाक्याला एक गुद्दा. पोटात, पुन्हा पोटात, मग बरगडीत. मामा भारी सामान उचलणारा माणूस असावा, त्याचे हात तसे होते. मी ओरडायला तोंड उघडलं तर आत हवाच नव्हती.

बाप अजून बसलेलाच होता. त्याच्या मांडीवर मुलाचा बूट होता. एकच, कारण दुसरा पाय प्लास्टरमध्ये. वॉर्डातून निघताना नर्सने तो त्याच्या हातात दिला होता आणि तेव्हापासून त्याने तो खाली ठेवला नव्हता. आई उठली होती. तिला मुलाकडे जायचं होतं. ती दारापर्यंत पोचली आणि तिथे तिचे पाय गेले. दाराला पाठ घासत ती खाली बसली, पदराचा बोळा तोंडात धरून. कुणाला अडवायला म्हणून ती तिथे बसली नव्हती. पण दार आत उघडतं, आणि आता ते उघडणार नव्हतं.

मी मामाच्या हाताखालून निसटलो आणि दाराकडे झेप घेतली. "बाई, उठा. बाजूला व्हा, बाई." तिने माझ्याकडे बघितलं, पण तिला मी दिसलो नाही. तेवढ्यात मामाने मानगूट धरून मला मागे खेचलं आणि टेबलाच्या कडेवर तोंड आपटलं. तोंडात खडा आला. थुंकला तर दात.

बाहेरून कुणीतरी दार ढकललं. रखवालदार. दार बोटभर आत आलं, बाईच्या पाठीला लागलं आणि परत बसलं. "आतून धरलंय दार!" तो ओरडला, आणि माणसं गोळा करायला धावत गेला. त्याच्या बुटांचा आवाज लांब लांब जाताना मी ऐकला. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आणि काचेवरचा लाल दिवा लागला.

काचेच्या वरच्या चौकटीत शर्टाच्या बटणाएवढा तो दिवा आहे. गॅलरीत कुणी आवाजाचा खटका दाबला की लागतो. म्हणजे पलीकडे माणसं येऊन बसली होती. नर्सचा निरोप पोचला नव्हता, आणि त्याबद्दल मी त्या दोन्ही ऑफिसांना मनातल्या मनात आशीर्वाद दिले. माझा जीव भांड्यात पडला. अख्खा वर्ग बघतोय, आता येतील. ताईही असणार. दुसऱ्या शहरात तिला याहून मोठं काम मिळालं होतं, तिथे अशा चार खोल्या घालायच्या होत्या, आणि आपली खोली भरलेली कशी दिसते ते बघायला ती त्या दुपारी वर्गात बसणार होती. सकाळी दोघं एकाच गाडीने आलो होतो.

कुणी आलं नाही.

बाप उठला. त्याने बूट टेबलावर ठेवला, पडू नये म्हणून नीट सरळ केला, आणि मग आपली खुर्ची उचलली. किती हलकी होती ती, एका हाताने डोक्यावर गेली. जाताना छतावरची एक ट्यूब फुटली आणि काचा आमच्या सगळ्यांच्या अंगावर पडल्या. मी उजवा हात डोक्यावर धरला. खुर्ची हातावर आली. हाड मोडतं त्याचा आवाज मी दुसऱ्यांच्या हाडांचा ऐकलेला आहे, स्वतःच्या हाडाचा वेगळा असतो. तो कानाने ऐकू येत नाही, दाढांतून ऐकू येतो. मनगटाच्या वर हाताला नवीन सांधा फुटला आणि मी किंचाळलो.

"त्याला पण असंच दुखलं असेल!" बाप म्हणाला. तो ओरडत नव्हता. "असंच ना? सांग. असंच?"

दुसऱ्यांदा खुर्ची खांद्यावर बसली. मी खाली पडलो. मामाने माझा डावा हात जमिनीवर दाबून त्यावर गुडघा ठेवला. मान वळवली की मला समोर आरसा दिसत होता. आरशात एक माणूस मार खात होता. पांढरा कोट छातीपर्यंत लाल, एक डोळा मिटलेला. वर लाल दिवा शांत जळत होता. तीस जणं या माणसाकडे बघतायत आणि एकही जागचा हलत नाही, हे कसं?

मग मला कळलं.

त्यांना हे नाटक वाटत होतं.

वाटणारच. 'संतापलेला नातेवाईक' हा माझा सगळ्यात गाजलेला धडा. त्यात मी मार खातो, खुर्चीसकट पडतो, 'वाचवा वाचवा' म्हणून खोली डोक्यावर घेतो. पोरं मला मागे 'नाटकी सर' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. त्यांना माझा चेहरा दिसत होता आणि नातेवाइकांच्या पाठी. भाड्याची माणसं आज नवी आणलीत, एवढंच त्यांना वाटलं असणार. आणि नियमही मीच केलेला: आत काहीही झालं तरी गॅलरीतून आवाज करायचा नाही, काचेला हात लावायचा नाही.

"वाचवा!" मी तरी ओरडलो. ओरडताना माझं मलाच ते ओळखीचं वाटलं.

"हे खरं आहे! नाटक नाही हे!" हे वाक्य मागच्याच महिन्यात भाड्याच्या एका नातेवाइकाने म्हटलं होतं आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या.

थांबवायची खूण एकच होती. दोन्ही हात डोक्याच्या वर. दोन्ही हात वर गेले की खेळ बंद, मग समोरचा कितीही रंगात आलेला असो. एक हात मामाच्या गुडघ्याखाली होता आणि दुसरा मोडून पोटावर पडला होता.

त्या वेळी पलीकडे काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. एक जण शेजारच्याच्या कानात म्हणाला होता, "सर आज फॉर्मात आहेत." रक्त कसलं असेल यावर दोघींची कुजबूज चालली होती, एकीचं म्हणणं बिटाचा रस. आणि ताई शेवटच्या बाकावर बसून हसत होती. "मी म्हटलं, हा लहानपणापासून असाच," तिनेच मला सांगितलं. "खरचटलं तरी अख्खी गल्ली गोळा करायचा."

मामाने माझ्या गळ्यावर हात ठेवला. दोन्ही अंगठे मध्यभागी. तो आता काही बोलत नव्हता आणि तीच भीती होती. ओरडणारा माणूस दमतो. डोळ्यांच्या कडांनी अंधार आत यायला लागला, आणि त्या अंधारात मला आमचं न्हाणीघर आठवलं. काय आठवावं याला काही धरबंध नसतो. आमच्या न्हाणीघराच्या दिव्याचं बटण बाहेर, भिंतीवर उंच होतं. माझा हात पोचायचा नाही. मी दारात उभा राहून बहिणीला हाका मारायचो. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. पुढे मोठी झाल्यावर तिने मला शपथ घातली होती की बाहेर कुणासमोर हे नाव काढायचं नाही. मी कधी काढलं नव्हतं. इथे तर सगळ्यांसमोर मी तिला मॅडमच म्हणतो.

मी हनुवटी आत रेटून मान वळवली, मामाचा एक अंगठा वर निसटला, आणि मी त्याला चावलो. दात कमी झाले होते, पण जे होते ते सगळे लावले. तो बोंबलला, हात सुटला, आणि मिळालेल्या एका श्वासात मी आरशाला हाक मारली.

"भिंगरे! भिंगरे, दिवा लाव!"

मामाने माझ्या तोंडावर बुक्की मारली. मी पुन्हा म्हणालो. शब्द नीट निघाले की नाही माहीत नाही.

काच धडाडली.

पलीकडून काहीतरी जड येऊन तिच्यावर आदळलं होतं. आरशाच्या मधोमध पांढरी चांदणी उमटली. पुन्हा धडाड. चांदणीला पाय फुटले. ताईने आग विझवायचं लाल नळकांडं उचललं होतं आणि ती ते काचेवर घालत होती, वयाच्या मानाने फार जोरात. पण ती काच तिनेच निवडलेली होती. दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा असलेली, तडकेल पण फुटणार नाही अशी. विद्यार्थी गॅलरीच्या दारातून पळत सुटले होते. ते दार कॉलेजच्या जिन्यात उघडतं. तिथून रुग्णांच्या कॉरिडॉरमध्ये यायला दारच नाही. खाली उतरायचं, इमारतीबाहेर पडायचं, वळसा घालून मोठ्या फाटकातून आत शिरायचं. काचेपासून माझ्यापर्यंत चार पावलं होती आणि पोरांना अख्ख्या इमारतीला प्रदक्षिणा घालायची होती.

बाप खुर्ची उचलून तसाच थांबला. "काय आहे ते?" तो म्हणाला. "आरशात काय आहे?"

ताईच्या लक्षात आलं ते तेव्हा. मी दिवा लाव म्हटलं होतं. काच आरसा असते ती पलीकडे अंधार आहे तोवर. तिने नळकांडं टाकलं आणि भिंतीवरची सगळी बटणं एकदम दाबली.

आरसा गेला. आमच्या खोलीत एक ट्यूब फुटलेली, अर्धवट उजेड, आणि त्या तडकलेल्या काचेमागे लख्ख उजळलेली गॅलरी. एकावर एक चढत गेलेली बाकं. पळालेल्यांनी टाकलेल्या वह्या. आणि जी दहाबारा पोरं भीतीने जागची हलली नव्हती ती, पांढरे कोट घालून, ओळीत, आमच्याकडे तोंड करून बसलेली. पुढे माझी बहीण, दोन्ही तळवे काचेवर टेकून.

मामाचा गुडघा माझ्या हातावरून उठला. बापाने खुर्ची खाली केली. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला कळलं नाही. उघड्यावर आंघोळ करताना कुणी पाहिल्यासारखा तो आक्रसला, आणि टेबलावरचा बूट उचलून त्याने पोटाशी धरला.

आई उठली. भिंतीला धरून, एकेक पाय गोळा करत, ती उठली आणि त्या उजेडाकडे चालू लागली. दार मोकळं झालं.

पुढचं सगळं एकाच वेळी घडलं. दार भिंतीवर आपटलं आणि माणसं आत घुसली. पुढे रखवालदार काठी घेऊन, मागे दोन वॉर्डबॉय, त्यांच्या मागे धापा टाकत माझे विद्यार्थी. त्यांनी मला बघितलं. काठी मामाच्या डोक्यात बसली, नंतर तोंडावर, मग तो पडल्यावर पाठीवर, सपासप. बाप उभाच होता. त्याने हातही उचलला नाही. पहिल्या बाकावर बसणारा, शंका विचारताना उठून उभा राहणारा माझा गुणी विद्यार्थी त्याच्याजवळ गेला आणि त्याने त्याच्या पोटात लाथ घातली. मग दुसऱ्याने घातली. बाप बुटासकट खाली पडला आणि गुडघे छातीशी घेऊन मुटकुळं करून राहिला. ते पाच-सहा जण त्याला तुडवत होते. एक जण तर त्याच्या हातातला बूट हिसकावून त्यानेच त्याच्या तोंडावर मारायला लागला. बाप पहिल्यांदा ओरडला तो तेव्हा. "तो देऊ नका कुणाला! तो त्याचा आहे!"

"थांबा!" मी म्हणालो. माझं तोंड सुजलं होतं, आवाज बुडबुड्यासारखा निघाला. "सोडा त्याला! अरे, सोडा!" कुणी ऐकेना. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती माझी त्या क्षणी गेली. इतका वेळ मार खाल्ला तेव्हा नव्हती गेली. दुःखात असलेल्या माणसाजवळ कसं बसायचं, आपल्या डोळ्यांची पातळी त्याच्या डोळ्यांच्या खाली कशी ठेवायची, हे मी या कार्ट्यांना दोन वर्षं शिकवलं होतं. बाप आता रक्त ओकत होता. त्याची मान विचित्र वळली होती, आणि पुढची लाथ तिच्यावर बसली असती तर एकाच दिवशी त्या बाईचे दोन गेले असते.

मी गुडघ्यांवर उभा राहिलो आणि डावा हात वर केला. मग उजवा. मोडलेला हात वर करायचा म्हणजे खांद्यातून झाडाची फांदी उचलावी तसा उचलावा लागतो आणि पुढचा तुकडा मागे लोंबतो. मी गुरासारखा ओरडलो. पण दोन्ही हात डोक्याच्या वर गेले.

पोरं थांबली. सवय होती त्यांना. एकाचा पाय हवेत होता तो त्याने तसाच मागे घेतला. रखवालदाराला काही कळलं नाही, पण सगळे थांबले म्हणून तोही थांबला. बूट हातात असलेल्या मुलाने हाताकडे बघितलं, मग वाकून बूट बापाच्या छातीजवळ ठेवला आणि भिंतीकडे जाऊन रडायला लागला.

खोलीत शांतता झाली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की आईने मागे वळूनही बघितलेलं नाही. ती काचेशी उभी होती. बाकांवरचा एकेक चेहरा ती बघत होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बाजारात हरवलेलं पोर शोधावं तशी. पलीकडे ताई होती, पण आईने तिच्याकडेही बघितलं नाही. मग ती माझ्याकडे वळली.

"हे सगळे डॉक्टर आहेत?"

"होणार आहेत," मी म्हणालो.

"आणि हे?" तिने खोलीतल्या पोरांकडे हात केला.

"हेसुद्धा."

"मघाशी कुठे होते?"

"कॉलेजात. पलीकडच्या बाजूला."

तिने पुन्हा काचेकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच समजत नव्हतं.

"इतके डॉक्टर होते इथे," ती म्हणाली, "मग माझा पोरगा तडफडत होता तेव्हा त्याच्याजवळ एकटे तुम्हीच कसे होतात?"

मी एकटाच होतो. मी आणि नर्स. मी छाती दाबत होतो आणि ती सुई शोधत होती, आणि मी हाका मारत होतो, या रे कुणीतरी. जुन्या इमारतीत त्या हाकेला जिन्यातून डबे टाकून दहा जण धावत आले असते. आले असते तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. ती गाठ फार मोठी होती. काचेवर लाल दिवा अजून जळत होता.

काही दिवसांनी मी त्याच इमारतीत, हॉस्पिटलच्या वॉर्डात पडून होतो, हातात सळई, जबडा तारांनी बांधलेला. मामा पोलिसांच्या पहाऱ्यात दुसऱ्या वॉर्डात होता, बाप माझ्यापासून दोन खाटा सोडून. मी तक्रार दिली नाही, पण पोलीस त्यांचं काम करणारच होते. ताई आली ती गुंडाळी काखेत मारून. बसली, पांघरुणावर दुसऱ्या शहरातल्या नव्या कामाचा नकाशा उलगडला आणि एकदम सुरूच झाली, जशी ती घाबरली की होते.

"दोन दारं. दुसरं डॉक्टरच्या मागे. दोन्ही बाहेर उघडणारी, दाराला खाच दिलीय म्हणजे स्ट्रेचरला लागणार नाही. खुर्च्या जमिनीला बांधलेल्या. काच नाहीच. खोटी नाटकं कॉलेजात, वेगळ्या खोलीत. अजून काय हवं? सांग ना."

मी जबड्यातून जमेल तसं म्हटलं, "छान आहे."

"छान आहे म्हणू नकोस. मी हसत बसले होते तिथे." तिचे डोळे भरून आले आणि ती माझ्यावरच ओरडली. "आणि भिंगरी काय? सगळ्यांसमोर? तुझी ती कार्टी मला आता भिंगरी मॅडम म्हणतात!"

मला हसू आलं आणि तारा खेचल्या गेल्या. तिने नाक पुसलं. मग तिने नकाशाचा एक कोपरा सपाट केला.

"त्या बाई बोलल्या ते मी ऐकलं," ती म्हणाली. "आवाज चालूच होता. त्याला काय करू? त्याला कुठलं दार लावू?"

मी डावा हात पांघरुणाबाहेर काढला आणि नकाशावर बोट ठेवलं. इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीची एक जाड रेघ जात होती. एका अंगाला वॉर्ड, दुसऱ्या अंगाला पोरांचा रस्ता.

"ती नाही," ताई म्हणाली. "ती काढली तर काही उरतच नाही. या कामासाठी मला निवडलं ते तिच्यासाठी. पुन्हा सगळी वॉर्डात येतील, पायात येतील."

मी बोट उचललं नाही. दोन खाटा पलीकडे बाप झोपेत कण्हला आणि नर्सला हाक मारू लागला. नर्स लांब होती. ताईने मान वळवून तिकडे बघितलं, नर्स येईपर्यंत बघत राहिली. मग तिने केसांत खोचलेली पेन्सिल काढली, माझं बोट बाजूला केलं आणि त्या रेघेवर दर वॉर्डापाशी दाराची एक फुली मारत गेली. इतकी दाबून की मधल्या फुलीला कागद फाटला.